जुनं आउटबोर्ड मिसिंग मारतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या जुन्या आउटबोर्डसाठी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायच्या इंजिनांसाठी आहे. त्यात पन्नास ते ऐंशीच्या दशकातली जॉन्सन आणि एविनरूड येतात, तशीच आपल्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांना लागलेली यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मशीनंही. फोर-स्ट्रोक किंवा इंजेक्शनवाल्या मशीनला यातलं बरंचसं लागू नाही.

प्रश्न विचारताना बहुतेक जण आधी काय काय बदललं त्याची यादी देतात: नवे प्लग, नवा कार्बोरेटर, नवी कॉइल. ती यादी फारशी कामाची नसते. मशीन नेमकं कधी बिघडतं हे कळलं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

मशीन धड चालत नाही. सुरुवात कुठून करू?

स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी या गोष्टींची उत्तरं शोधा. बिघाड स्लोला आहे, फुल रेसला आहे की दोन्हीकडे? थंड असताना आहे की गरम झाल्यावर येतो? मशीन हळूहळू गुदमरतं की कुणी स्विच बंद केल्यासारखं एकदम मरतं?

हळूहळू गुदमरणं हे इंधनाचं लक्षण आहे. एकदम मरणं आणि परत एकदम पकडणं हे करंटचं. स्लोला खराब पण रेसला उत्तम असेल, तर कार्बोरेटरचा स्लो मार्ग, कुठून तरी ओढली जाणारी हवा किंवा रीड (इंधन आत सोडून परत येऊ न देणाऱ्या पात्या) यांच्याकडे बघा. स्लोला गोड चालतं पण रेस दिली की मान टाकतं, तर मोठं जेट (इंधन मापून सोडणारं भोक), इंधन पंप, टाकीची नळी. थंड असताना ठीक आणि तापलं की मिसिंग, थोडा वेळ थांबलं की परत ठीक, असं असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्या. मशीनला सीडीआय (पॉइंटऐवजी ठिणगी सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) असेल तर त्यावर.

आणखी एक चाचणी फुकटात होते. मशीन वाईट चालत असताना चोक किंचित ओढा. सुधारलं, तर इंधन कमी मिळतंय. आणखी बिघडलं, तर इंधन आधीच जास्त जातंय किंवा दोष करंटचा आहे. एवढं केल्याशिवाय काहीही उघडू नका. आणि उघडलंत तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून मशीन सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर त्याहून मोठी पंचाईत.

सुरू होतं, पाच-दहा मिनिटं मस्त चालतं, मग गुदमरून बंद पडतं.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का? हसू नका, या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं उत्तर आहे. टाकीत हवा शिरली नाही तर आत पोकळी तयार होते आणि पंप इंधन ओढूच शकत नाही. झाकण सैल करून मशीन चालवून बघा.

तो उघडाच असेल तर मशीन गुदमरायला लागल्याबरोबर नळीवरचा रबरी बल्ब दाबा. दाबल्यावर जीव आला तर दोष बल्बच्या आगेमागे आहे: पंप दमलाय, नळी आतून सुजून बंद होत आलीय, टाकीतली जाळी चोंदलीय, किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय. हवा शोधायला इंजिनाच्या जवळ वीतभर पारदर्शक पेट्रोलची नळी जोडा. बुडबुडे दिसले की मागे मागे जात एकेक सांधा तपासायचा. जलद जोडणीच्या कपलिंगमधली छोटी रबरी रिंग बहुतेकदा गुन्हेगार निघते. ती अगदी क्षुल्लक मोलाची वस्तू, आणि तिच्यापायी लोकांनी कार्बोरेटर बदललेले आहेत.

पंपाचा पडदा फाटला असेल तर वेगळीच गंमत होते. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर चालतो. पडद्याला भोक पडलं की कच्चं पेट्रोल त्याच धक्क्याच्या वाटेने एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. मग एक प्लग सतत ओला आणि दुसरा ठीक. लोक करंट शोधत बसतात आणि दोष पंपात असतो.

पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच जॉन्सन-एविनरूडला इंजिनावर पंपच नाही. त्यांच्या टाकीला एकात एक जोडलेल्या दोन नळ्या असतात. एकीतून इंजिन टाकीत दाब भरतं, दुसरीतून इंधन वर येतं. या टाकीला हवेचा स्क्रू नसतो आणि झाकणाचं पॅकिंग घट्ट बसलेलं असावंच लागतं. ते कडक झालं की दाब टिकत नाही. अशा टाकीत दाबाखाली पेट्रोल असतं, म्हणून गळकी टाकी होडीत ठेवू नका. झाकण उघडतानाही आधी अर्धा फेरा सैल करून दाब सुटू द्या.

एकाच सिलिंडरवर चालतंय हे कसं ओळखू?

स्लोला चालू ठेवा आणि रबरी मुठीच्या पक्कडीने एका प्लगची टोपी काढा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच मेलेला. सीडीआय असलेल्या मशीनमध्ये काढलेली वायर मोकळी लोंबू देऊ नका, तिचं टोक इंजिनाच्या धातूला लावून ठेवा. वाट न मिळालेल्या करंटने कॉइल आणि सीडीआय दोन्ही जाऊ शकतात.

मग दोन्ही प्लग आपसात बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला. सरकला नाही तर करंट, कॉम्प्रेशन, इंधन या क्रमाने त्या सिलिंडरची चौकशी करायची. क्रम महत्त्वाचा आहे. करंट तपासायला मिनिटं लागतात, कार्बोरेटर उतरवायला दुपार जाते.

प्लग बघून काय कळतं?

बरंच काही, पण प्लग योग्य वेळी काढला तरच. मशीन पाण्यात वजनावर थोडा वेळ रेसमध्ये चालवा, तिथेच बंद करा आणि मग काढा. नुसतं स्लोवर ठेवून काढलेला प्लग काळाच दिसणार, त्यावरून काही ठरवू नये.

बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर ठीक. काळा आणि ओला, तर इंधन किंवा तेल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. पांढराफटक आणि कडांना वितळल्यासारखा, तर इंधन कमी पडतंय आणि सिलिंडर तापतोय. या अवस्थेत फुल रेस देत राहिलात तर पिस्टन जातो. एक प्लग घासून धुतल्यासारखा चकचकीत आणि दुसरा तपकिरी असेल, तर चकचकीत सिलिंडरमध्ये पाणी जातंय. हेडचं पॅकिंग बघा.

नवा प्लग घेताना मशीनच्या पुस्तकातलाच नंबर घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. दुकानदाराने «याच्यासारखाच आहे» म्हणून दिलेला नेमका उलटा निघू शकतो. जुन्या जॉन्सन-एविनरूडला सहसा ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास गॅप लागतो.

ठिणगी तर दिसतेय, तरी मिसिंग का?

उघड्या हवेत दिसणारी ठिणगी आणि दाबाखाली उडणारी ठिणगी यांत फरक आहे. प्लग इंजिनाच्या डोक्याला टेकवून सुरू करायची दोरी ओढली की पिवळट बारीक ठिणगीही दिसते आणि माणूस खूश होतो. खरी परीक्षा गॅप टेस्टरवर होते: मॅग्नेटोवाल्या (फ्लायव्हीलमधल्या चुंबकाने स्वतःच करंट बनवणाऱ्या) मशीनवर साधारण ६ मिलिमीटर अंतर निळ्या, कडक ठिणगीने पार झालं पाहिजे. ही चाचणी करताना टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब ठेवा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

ठिणगी कमजोर असेल तर फ्लायव्हीलखाली जावं लागतं. जुन्या जॉन्सन-एविनरूडच्या जुळ्या सिलिंडरच्या मॅग्नेटोमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे पॉइंट (करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क), स्वतःचा कंडेन्सर आणि स्वतःची कॉइल असते. म्हणून एक सिलिंडर ठणठणीत आणि दुसरा मेलेला असं घडतं. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फीलर गेज पुसून घ्या. पातीवरचं तेल पॉइंटला लागलं की सगळी मेहनत वाया. पडून राहिलेल्या मशीनच्या पॉइंटवर न दिसणारा मेणचट थर चढतो. नव्या पॉइंटवरही कधी कधी पॅकिंगचं तेल असतं. जाड कागद स्पिरिटमध्ये भिजवून मधून ओढून काढा, मग कोरडा कागद ओढा. पॉलिश पेपर फक्त खड्डे पडले असतील तरच, आणि त्यानंतर पुसणं आलंच. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

कॉइल नजरेनेच कळते. त्या काळातल्या कॉइलचं आवरण वर्षांनी तडकतं, तडीतून दमट हवा शिरते आणि करंट तिथूनच सटकतो. तड दिसली की ती कॉइल «चालतेय» म्हणून ठेवू नका. आज चालेल, भर खाडीत भरती उलटताना चालणार नाही.

खाऱ्या हवेत आणखी एक जागा फार फसवते: बंद करायच्या बटणाची वायर. बटणात किंवा दोरीच्या किल स्विचमध्ये मीठ साचलं की करंट थोडा थोडा जमिनीला जातो आणि मशीन अधूनमधून मिसिंग मारतं. ती वायर तात्पुरती सोडून बघा. मिसिंग गेलं तर दोष सापडला. मात्र वायर सोडली की बटणाने मशीन बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून बंद करायची तयारी ठेवा, आणि ही चाचणी बांधलेल्या होडीवर किंवा ड्रममध्येच करा.

प्लगच्या वायरी तपासायला रात्र बरी. अंधारात कव्हर काढून चालवलं की वायरीतून डोक्याकडे उडणाऱ्या निळ्या रेघा आपोआप दिसतात.

फ्लायव्हील निघत नाही. हातोडी चालेल?

नाही. मधल्या भोकांत तीन बोल्ट लावायचा पुलर आणा. दातेरी कडेला पकडून ओढलंत तर फ्लायव्हील वाकडं होतं, आणि क्रँकच्या टोकावर घाव घातलात तर आतल्या बेअरिंगला बसतो.

फ्लायव्हील निघालंच आहे तर ते शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी चावी बघून घ्या. आधी कुणी नट नीट आवळला नसेल, किंवा पंखा खडकावर आपटून मशीन जागच्या जागी थांबलं असेल, तर ती अर्धवट कापली जाते. फ्लायव्हील चावीच्या अर्ध्या जाडीने सरकलं तरी टायमिंग चुकतं: मशीन उलटा झटका देतं, कार्बोरेटरमधून फटाके वाजतात, आणि बाकी सगळं ठीक असूनही धड चालत नाही. बसवताना शाफ्टचा उतार आणि फ्लायव्हीलचं भोक तेलाचा अंशही न ठेवता पुसा आणि नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा.

पावसाळ्यात पडून होतं. आता कार्बोरेटर साफ केला तरी स्लोला टिकत नाही.

«साफ केला» म्हणजे काय केलं, हा खरा प्रश्न आहे. बाहेरून स्प्रे मारणं आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतला गाळ पुसणं याला साफ करणं म्हणत नाहीत. १ जूनला पावसाळी बंदी लागते, होड्या वर येतात आणि वाटीत उरलेलं पेट्रोल उडून मागे तेल आणि डिंकासारखा थर राहतो. तो सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भोकात बसतो, आणि सगळ्यात बारीक भोकं स्लोच्या वाटेवर असतात. म्हणूनच फुल रेसला पळतं पण सोडलं की मरतं.

कार्बोरेटर पूर्ण सुटा करा. दोन्ही सुया, जेट, फ्लोट (वाटीतली इंधनाची पातळी राखणारा तरंगता तुकडा), फ्लोटची सुई, सगळं काढा. स्लोच्या वाटेवर वरून शिशाची किंवा ब्रासची बारीक टोपी ठोकलेली असते. तिच्यामागची भोकं फक्त ती काढल्यावरच साफ होतात, आणि हेच काम बहुतेक जण टाळतात. रबर आणि फायबरचे वायसर बाहेर काढून बाकीचं कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग प्रत्येक भोकातून दुसऱ्या बाजूला फवारा येतो का ते डोळ्याने बघा. डोळे झाकणारा चष्मा घाला. फवारा उलटून येतो तो नेमका डोळ्यात. तार घालू नका. ब्रासचं जेट तारेने रुंद झालं की ते भंगारात गेलं.

फ्लोट बुचाचा असेल तर तो हातात घेऊन बघा. जड वाटला, नखाने दाबल्यावर ओल सुटली, तर तो बुडतोय आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. फ्लोट बसवल्यावर, कार्बोरेटर उलटा धरून, फ्लोटची वरची कड वाटीच्या कडेला समांतर आली पाहिजे. जुन्या जॉन्सन-एविनरूडच्या बहुतेक कार्बोरेटरांना हे चालतं. यामाहाला पुस्तकात मिलिमीटरमध्ये उंची दिलेली असते.

एवढं करूनही स्लोला टिकत नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधलं पॅकिंग बघा. स्लोला चालू असताना त्या सांध्यावर थोडं तेल सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. क्रँकचं वरचं ऑइल सील गेलं असेल तरी हीच लक्षणं येतात, पण ते काम शेवटी.

स्लोचा स्क्रू किती फेरे?

हलक्या हाताने टेकवा, आवळू नका, आणि तिथून दीड फेरा बाहेर. ही फक्त सुरुवात आहे. जुन्या मशीनला फुल रेसचीही सुई असेल तर ती पाऊण ते एक फेरा. मग मशीन पूर्ण तापवून, पाण्यात, गिअरमध्ये टाकून स्लोला सेट करा. एकदा आठवा हिस्सा फेरा फिरवायचा आणि इंजिनाला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. आत घेत गेलात की एका जागी ते कार्बोरेटरमधून शिंकतं. ती इंधन कमी पडल्याची खूण. बाहेर घेत गेलात की जड होऊन घोंगावतं आणि धूर वाढतो. या दोन जागांमध्ये, शिंकेपासून जरा जास्तच लांब, असं ठेवा. टू-स्ट्रोकला इंधनातूनच तेल मिळतं. कंजूषपणे सेट केलेलं मशीन उपाशी राहतं आणि कोरडंही.

काही मॉडेलांचा स्लो स्क्रू इंधनाऐवजी हवा कमी-जास्त करतो. तिथे सगळं उलटं. फिरवण्यापूर्वी पुस्तक बघा.

पंपावर आता ई-२० मिळतं. जुन्या मशीनला चालेल का?

चालतं, पण खुशीने नाही. २० टक्के इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच थोडा ऑक्सिजन. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या जेटमधून त्याच मापाने गेलेलं ई-२० इंजिनाला पातळ पडतं. स्लोच्या शिंका आणि पांढरट प्लग हे त्याचेच परिणाम असू शकतात. फुल रेसची सुई असेल तर ती किंचित बाहेर घेता येते. फिक्स जेट असेल तर एक नंबर मोठं जेट शोधावं लागतं.

मोठा त्रास रबराचा आणि पाण्याचा. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. नळ्या आतून सुजतात, पंपाचा पडदा कडक होतो, फ्लोटच्या सुईचं टोक चिकट होतं. बुचाच्या फ्लोटवरचा जुना लाखेचा थर इथेनॉलमध्ये विरघळतो, फ्लोट इंधन पितो आणि बुडतो. नवा प्लास्टिकचा फ्लोट मिळाला तर उत्तम. नाहीतर बूच पूर्ण वाळवून त्यावर सायनोअॅक्रिलेटचा (सुपरग्लूचा) पातळ थर देतात, तो बराच टिकतो.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. किनाऱ्यावर, अर्धी रिकामी, हवेचा स्क्रू उघडा असलेली टाकी म्हणजे त्याला आमंत्रण. एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीच्या तळातलं इंधन काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ती टाकी रिकामी करून धुवा. त्यात नवं पेट्रोल ओतून «मारून नेऊ» नका. महिन्याभरात संपेल एवढंच इंधन मिसळा आणि टाकी भरलेली ठेवा.

तेल किती आणि कुठलं?

पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ मानकाचं तेल. मोटरसायकलचं टू-टी तेल वेगळ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. आउटबोर्डमध्ये त्याची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते.

प्रमाण मशीनवर अवलंबून. १९६४ पासूनच्या बहुतेक जॉन्सन-एविनरूडला ५०:१, म्हणजे लिटरमागे २० मिलि. त्याआधीच्यांना २४:१, म्हणजे लिटरमागे साधारण ४२ मिलि. फार जुन्यांना त्याहूनही जास्त लागतं. तेल जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि धूर होतो. कमी झालं तर इंजिन सीज होतं. शंका असेल तर जास्तीच्या बाजूला राहा, प्लग स्वस्त असतो.

केरोसिनवर चालवतो. त्याचं वेगळं काही?

केरोसिनचं मशीन मुळातच कमी कॉम्प्रेशनचं असतं. ते पेट्रोलवर सुरू करायचं, तापू द्यायचं, मग केरोसिनवर टाकायचं, आणि बंद करण्यापूर्वी परत काही मिनिटं पेट्रोलवर. ही शेवटची पायरी किनाऱ्याला लागायच्या घाईत राहते. वाटीत केरोसिन उरतं आणि दुसऱ्या पहाटे दोरी ओढून खांदे भरून येतात. मिसिंग असेल तर आधी इंधन बदलायचा कॉक बघा: तो अर्धवट बसला तर दोन्ही इंधनं मिसळून येतात. कार्बनही लवकर चढतो, तेव्हा प्लग जास्त वेळा काढून बघावा.

पेट्रोलच्या मशीनमध्ये केरोसिन मिसळणं हा वेगळा प्रकार आहे. वजनावर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. करू नका.

कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो.

रीड. कार्बोरेटरच्या मागे पातळ पोलादी पात्या असतात, त्या इंधन आत सोडतात आणि परत येऊ देत नाहीत. एखादीचा कोपरा तुटला किंवा खाली कचरा अडकला की क्रँककेसमधलं मिश्रण उलटं बाहेर पडतं. स्लोला त्रास जास्त, रेसला कमी. काढल्यावर पात्या उजेडासमोर धरा. फट दिसली तर बदला. वाकवून सरळ करायचा मोह आवरा. आणि तुटलेला तुकडा सापडेपर्यंत मशीन फिरवू नका.

कॉम्प्रेशन किती हवं?

आकड्यापेक्षा फरक बघा. दोन्ही प्लग काढा, वायरी धातूला लावा, रेस पूर्ण उघडी ठेवा आणि गेज स्थिरावेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्बोरेटरमागे लागण्यात अर्थ नाही. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर हेडचं पॅकिंग किंवा त्याहून वाईट. अडकलेल्या रिंगा कधी कधी कार्बन सोडवणाऱ्या द्रावणाने रात्रभर भिजवून सुटतात. घासलेल्या असतील तर नाही.

पाण्याची धार येत नाही. तरी चालवू?

नाही. काही जुन्या मॉडेलांना धारेचं भोकच नसतं. तिथे एक्झॉस्टच्या बाहेरच्या छिद्रातून पाण्याचे तुषार येताना दिसले पाहिजेत. तेही नसतील तर बंद करा.

पाय (मशीनचा खालचा, गिअरचा भाग) उतरवून इंपेलर (पाणी वर ढकलणारं रबरी चक्र) बघा. रबराच्या पात्या एका बाजूला वळून कडक झालेल्या असतील तर बदला. मशीन वर्षानुवर्षं पडून होतं एवढंच कारण बदलायला पुरे आहे. इंपेलर नवा आणि तरी धार बारीक असेल तर वाटेत मीठ आणि वाळू साचलीय. थर्मोस्टॅट असेल तर तो काढून गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा. उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट मशीन थंड ठेवतो आणि स्लोला खडखडवतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोरडं मशीन «फक्त दोन सेकंद» सुरू करून बघण्याची सवय इंपेलर खाते.

रेस चढते, पण होडी पुढे जात नाही.

पंख्याची पिन तुटली आहे, किंवा पंख्याच्या मधलं रबर सुटलंय. पंख्याच्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक रेघ मारा आणि वजनावर चालवा. रेघ तुटली तर रबर घसरतंय. दोन्ही ठीक असेल तर मशीन फार वर बसलंय आणि पंखा हवा ओढतोय.

याच्या उलट, होडीत माणसं आणि बर्फ भरलेला असताना रेस चढतच नसेल तर ते मिसिंग नव्हे. मशीनच्या ताकदीपुढे वजन जास्त आहे किंवा पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे जायचं अंतर) मोठा.

ड्रममध्ये खडखडतं. पाण्यात नेऊ का?

न्या. ड्रममध्ये एक्झॉस्टचा धूर कोंडतो, इंजिन तोच परत ओढतं, आणि पाण्यात फेस होऊन पायावर दाब बदलत राहतो. तिथे स्लोला धड चालणारी मशीनं थोडीच. ड्रमचा उपयोग सुरू होतं का, पाणी फेकतं का, एवढ्यापुरता. पंखा काढून ठेवा आणि ड्रम उघड्यावर ठेवा, पडवीत नको. खरी सेटिंग खाडीत, दोरीने बांधलेल्या होडीवर किंवा सोबत दुसरी होडी घेऊन.

होडी उलटली, मशीन खाऱ्या पाण्यात गेलं. आता?

वर काढल्यावर घड्याळ सुरू झालं असं समजा. चालू असताना बुडालं असेल तर दोरी जोरात ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. हाताने अडत अडत फिरत असेल तर उघडावंच लागेल. मोकळं फिरत असेल तर: गोड्या पाण्याने आतबाहेर धुवा, प्लग काढून मशीन आडवं करून पाणी निथळू द्या, कार्बोरेटर आणि टाकी रिकामी करा, प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून स्पिरिट, मग तेल सोडून हळू फिरवा. फ्लायव्हीलखालचे पॉइंट कोरडे करा. आणि त्याच दिवशी सुरू करून चांगलं तापेपर्यंत चालवा. लगेच सुरू करणं शक्य नसेल तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेलं परवडतं. ओलं मशीन हवेत ठेवलं की गंज तासागणिक वाढतो.

सुटे भाग मिळतात का?

जॉन्सन आणि एविनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे ते ब्रँड बाँबार्डिएकडे गेले, आणि २०२० मध्ये एविनरूडचं उत्पादनही थांबलं. तरी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, इंपेलर, कार्बोरेटर किट या गोष्टी सिएरासारख्या इतर कंपन्या बनवतात, कारण एकच कॉइल कितीतरी वर्षांच्या मॉडेलांना बसते. मागवण्यापूर्वी मशीनच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या. «पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं जॉन्सन» एवढ्यावर मागवलेला भाग बसेलच असं नाही. पॅकिंग शीट आणून कापता येतं, पिना आणि बुश लेथवाला करून देतो. कॉइल, सील आणि रीड मात्र घरगुती नकोत.

पावसाळ्यात ठेवताना काय करू?

गोड्या पाण्यात चालवा, इंधनाची नळी सोडा आणि वाटीतलं संपून आपोआप बंद पडू द्या. बंद पडायच्या बेतात असताना कार्बोरेटरच्या तोंडात थोडं टू-स्ट्रोक तेल किंवा फॉगिंग ऑइल (ठेवणीआधी इंजिन आतून माखायचं तेल) सोडा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, दोरीने दोन-चार फेरे, प्लग परत.

पायाचं गिअर ऑइल याच वेळी बदला, सप्टेंबरात नाही. खालचा स्क्रू उघडून बघा. दुधाळ आलं तर सील गळतंय आणि आत पाणी आहे. ते पाणी चार महिने गिअरवर बसू देऊ नका. नवं तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा, आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. टाकी रिकामी करा, ते पेट्रोल मोटरसायकलमध्ये ओतू नका, त्यात तेल आहे. मशीन उभं टांगा, पाय खाली, म्हणजे उरलेलं पाणी निथळून जाईल.